येणे आणि वसूल

मंडळी, पाहुणे येतात, पाऊस येतो, कपाशीला बोंडे येतात. ‘येणे’ हा आपला रोजचा शब्द. पण हिशेबाच्या वहीत शिरला की तो कसा पालटतो, पाहा. ‘रामाकडून शंभर रुपये येणे’ म्हणजे पैसे आले असं नव्हे. ते अजून यायचे आहेत! आले म्हणजे मग लिहायचं, ‘वसूल’.

गंमत अशी की ‘वसूल’ या अरबी शब्दाचा मूळ अर्थही पोहोचणे, येऊन ठेपणे असाच. ‘आमदनी’ फारसी, ‘आमदन’ म्हणजे येणे. संस्कृतातला ‘आय’ त्याच अर्थाचा. इंग्रजी ‘इन्कम’मधला ‘कम’ म्हणजे येणेच.

हे परके शब्द आपल्या खळ्यापर्यंत आले राज्यकारभारातून. मलिक अंबरानं 1610 मध्ये खडकी वसवली, तेच आजचं छत्रपती संभाजीनगर. जमिनीचा कस पाहून सारा ठरवण्याची त्याची पद्धत प्रसिद्ध आहे. दख्खनच्या दरबारांत फारसी चाले. हैदराबाद संस्थानात 1884 च्या सुमारास तिची जागा उर्दूनं घेतली, आणि सप्टेंबर 1948 पर्यंत मराठवाड्याचं दप्तर त्याच भाषेत राहिलं. शेतकरी बोले मराठी, आणि त्याचा सारा लिहिला जाई दुसऱ्याच भाषेत.

वहीतल्या एका शब्दानं काय होतं, हे 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी दिसलं. शेतकरी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले आणि त्यांनी वह्या अन् कर्जरोखे मागून जाळले. दंगा शेजारच्या अहमदनगर जिल्ह्यातही, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, पसरला. राग मुख्यतः कागदावर होता. लिहिणारा एकटा सावकार. कुळाला अक्षर येत नव्हतं. दिलेली रक्कम ‘वसूल’ म्हणून चढली की नाही, हे त्यानं कसं ताडावं? ‘येणे’ मात्र व्याजासह वाढत जाई.

पुढे 1879 चा दख्खन शेतकरी कायदा आला. भरलेल्या पैशाची लेखी पावती मागण्याचा हक्क त्यानं कुळाला दिला. तो कायदा ब्रिटिश मुलखातला; निजामाच्या हद्दीतल्या आपल्या भागाला तो लागू नव्हता.

म्हणून गुरुजींना एक विनंती. मुलांना ‘येणे’ हे क्रियापद चालवून दाखवाल, तेव्हा सोसायटीचं एखादं खातेपुस्तकही दाखवा. आणि शेतकरी बंधूंनो, पैसे भरलेत की पावती घ्या, रक्कम वसुलात चढली का ते स्वतः वाचा. वाचता येत नसेल, तर घरातल्या शाळकरी पोराला शेजारी बसवा. तोंडी ‘आले, आले’ म्हणणं सोपं. कागदावर आलं, तेच खरं आलं.