कौल, मडकं आणि पुस्तक : मराठी माणसाने देवाचं ऐकायचं कसं?

आजचा विषय थोडा नाजूक आहे. देव माणसाला काही सांगतो का, आणि सांगत असेल तर ते ऐकायचं कसं? यातला पहिला प्रश्न श्रद्धेचा. इतिहासाच्या अभ्यासकाकडे त्याचं उत्तर नसतं. दुसऱ्या प्रश्नाबद्दल मात्र आपल्याला बरंच बोलता येतं, कारण माणसांनी कसं ऐकलं आणि ऐकल्यावर काय केलं, याच्या खुणा मागे राहतात. रोज बायबल वाचून देवाचं मार्गदर्शन शोधणारी मराठी माणसं गेल्या दोनशे वर्षांत झाली. त्यांच्याकडे आज बघायचं आहे. पण सुरुवात धाराशिव जिल्ह्यापासून करू, कारण हा प्रश्न या मातीत बायबल येण्याच्या कितीतरी आधीपासून विचारला जातोय.

तुळजापूरला भवानीच्या देवळात गेलेल्यांनी चिंतामणी पाहिला असेल. गोल दगड आहे. भाविक त्यावर दोन्ही हात ठेवतो आणि मनात प्रश्न धरतो. दगड उजवीकडे फिरला तर होकार, डावीकडे फिरला तर नकार, जागचा हलला नाही तर कामाला अजून वेळ आहे, अशी समजूत. लग्न जमेल का, जमिनीचा निकाल लागेल का, हे काम हातात घ्यावं का? माणसाला उत्तर हवं असतं आणि ते आत्ता हवं असतं. याला आपण हसू नये. ज्याच्या हातात काहीच नसतं, त्याला एक होकारसुद्धा फार मोठा आधार असतो.

याच जिल्ह्यात तेर आहे, संत गोरोबाकाकांचं गाव. तिथली गोष्ट आपल्याला तोंडपाठ आहे. संतमंडळी जमली होती. मुक्ताबाईने गोरोबांना विचारलं, काका, यातली कुठली मडकी भाजलेली आणि कुठली कच्ची? गोरोबांनी थापटणं घेतलं आणि एकेकाच्या डोक्यावर मारत गेले. सगळे गप्प बसले. नामदेव तेवढे चिडले, आणि तेच कच्चे ठरले. पुढे विसोबा खेचरांकडे औंढ्याला गेल्यावर त्यांचं भाजणं पुरं झालं. ही आख्यायिका आहे, ती आपण आख्यायिका म्हणूनच घेऊ. पण तिच्यातली मेख बघा. नामदेव म्हणजे विठ्ठलाशी रोज बोलणारा भक्त. देव त्याच्याशी बोलतो याबद्दल कुणालाच शंका नाही. तरी मडकं कच्चं! म्हणजे देवाचं ऐकू येणं वेगळं आणि ऐकलेलं अंगात मुरणं वेगळं. शिवाय हे त्याला सांगायला दुसरं माणूस लागलं.

दगड आणि थापटणं, या दोन गोष्टी मनात ठेवून आता पुस्तकाकडे येऊ.

धाराशिव तेव्हा निजामाच्या राज्यात होतं आणि मराठी बायबलचं काम चाललं होतं बाहेर. सुरुवात तर थेट बंगालमध्ये झाली. कलकत्त्याजवळ श्रीरामपूरला विल्यम कॅरी यांनी वैजनाथ नावाच्या पंडितांच्या मदतीने मत्तयाचं शुभवर्तमान मराठीत आणलं. ते १८०५ साली छापलं गेलं. १८११ साली नवा करार मोडी लिपीत निघाला, कारण कारकून आणि व्यापारी मोडी वाचत. १८१३ साली अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले. १८२६ मध्ये त्यांचा नवा करार छापून झाला, आणि संपूर्ण बायबल १८४७ मध्ये. १८६०च्या दशकात हे पुस्तक धाराशिवच्या दक्षिणेला सोलापुरात अमेरिकन मिशनबरोबर पोचलं, आणि उत्तरेला जालन्यात रेव्हरंड नारायण शेषाद्री यांच्याबरोबर.

पण पुस्तक पोचलं म्हणजे वाचन पोचलं असं नाही. वाचता येणारी माणसं किती होती? बायकांमध्ये तर विचारूच नका. म्हणून रोजचं वाचन हे बहुतेकांसाठी रोजचं ऐकणं होतं. एकाने वाचायचं, दहांनी ऐकायचं. मिशनच्या कागदपत्रांत ‘बायबल वुमन’ म्हणून उल्लेख येतो, त्या आपल्याच मराठी बायका. पोथी वाचावी तसं घरोघरी जाऊन त्या वाचून दाखवायच्या. ऐकणाऱ्या बाईला हे नवीन नव्हतं. पोथीपुढे बसायची सवय तिला होतीच. नवीन होतं ते एवढंच, की मधे थांबून ‘म्हणजे काय हो?’ असं विचारता येत होतं.

आता एक माणूस घेऊ. नारायण वामन टिळक, आपले कवी. १८९३ साली नोकरीसाठी राजनांदगावला निघाले होते. आगगाडीत एका युरोपीय प्रवाशाशी गप्पा झाल्या, त्याने नवा करार हातात ठेवला आणि वाचायचं वचन घेतलं. दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असंही तो म्हणाला. टिळकांना पुस्तक पहिल्यांदा काही फारसं रुचलं नाही. पण शब्द दिला होता, म्हणून वाचत राहिले. मत्तयाच्या पाचव्या अध्यायाशी, डोंगरावरच्या प्रवचनाशी आले आणि मग पुस्तक खाली ठेववेना. बाप्तिस्मा झाला १० फेब्रुवारी १८९५ रोजी, मुंबईत.

लोक या गोष्टीतली आगगाडी लक्षात ठेवतात. आम्हाला वाटतं, मधली दोन वर्षं लक्षात ठेवावीत. मनाची पकड एका बैठकीत बसली, निर्णयाला मात्र दोन वर्षं लागली. किंमत त्यांना माहीत होती. आणि ती त्यांनी एकट्याने भरली नाही, लक्ष्मीबाईंनीही भरली. नवरा बाटला म्हणून त्या काही वर्षं वेगळ्या राहिल्या. ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचलंय त्यांना तो काळ ठाऊक आहे. टिळकांना ऐकू आलं म्हणून लक्ष्मीबाईंना ऐकू आलं, असं झालं नाही. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न त्यांना स्वतःच्या डोक्याने सोडवावा लागला, आणि १९०० साली त्यांनी स्वतःचा निर्णय घेतला. एका घरात, एका पुस्तकाजवळ, दोन माणसं दोन वेगळ्या वेळी ऐकतात. नवऱ्याच्या ऐकण्यावर बायकोला जगता येत नाही, हे त्या बाईने आपल्या आयुष्याने दाखवलं.

आणि आता पंडिता रमाबाई. वडील अनंतशास्त्री डोंगरे. हे कुटुंब तीर्थोतीर्थी फिरून पुराणं वाचायचं. लोक बसून ऐकायचे, पण संस्कृत कळणारे थोडे. ऐकल्याने पुण्य लागतं, ही समजूत. कळो न कळो! रमाबाईंनी पुढे हे स्वतः लिहून ठेवलं आहे. लहानपणीची ही गोष्ट त्यांच्या मनातून कधी गेली नसावी, असं त्यांच्या पुढच्या कामावरून वाटतं.

१८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्याआधी तिथल्या भगिनींनी त्यांना लंडनमधलं आपलं काम दाखवलं होतं. समाजाने टाकलेल्या बायकांना तिथे मायेने वागवत होते. त्याच सुमाराला त्यांनी योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी बाईची गोष्ट वाचली. विहिरीवर आलेल्या, नाव गेलेल्या बाईशी येशू बोलतो. वाचलेलं आणि पाहिलेलं जुळलं, तेव्हा त्यांनी पाऊल टाकलं. ही गोष्ट आपण पक्की लक्षात ठेवू. पुस्तकातलं वचन त्यांनी कामावर पारखून घेतलं.

पण पुढे काय झालं? चर्चची मतं जशी दिली तशी घ्या, असा आग्रह सुरू झाला. तेव्हा रमाबाईंनी भगिनी जेराल्डिन यांना लिहिलेल्या पत्रांतून स्पष्ट कळवलं, की एका पुरोहितवर्गाचं जोखड मी मोठ्या कष्टाने उतरवलंय, दुसऱ्याचं मानेवर घ्यायला मी तयार नाही. बायबल मी स्वतः वाचेन आणि मला पटेल ते मानेन. हे लिहिणारी बाई तेव्हा त्याच लोकांच्या आश्रयाला होती, हे विसरू नका. देवाचं ऐकायचा हक्क कुणाचा, हा प्रश्न इथे नुसता धर्मशास्त्राचा राहत नाही. तो अन्नपाण्याचा होतो.

आणि त्यांचं ऐकणंसुद्धा सावकाश झालं. बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी त्यांनी म्हटलं, की मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. गोरोबांच्या भाषेत सांगायचं तर त्यांनी स्वतःच्या डोक्यावर स्वतः थापटणं मारलं!

मग १८९६-९७चा दुष्काळ आला. रमाबाईंच्या आईवडिलांचा अंत आधीच्या एका दुष्काळात झाला होता, भूक म्हणजे काय ते त्यांना माहीत होतं. मध्य प्रांतात जाऊन त्यांनी सुमारे तीनशे बायका-मुली आणल्या. केडगावचं मुक्ती सदन त्यातून वाढलं. या मुलींना रोज बायबल ऐकवायचं, तर कुठल्या मराठीत? प्रचलित भाषांतर त्यांना जड आणि संस्कृताने भरलेलं वाटलं. दुष्काळातून आलेल्या मुलीला ते कळेना. म्हणजे पुन्हा तेच, पुराण ऐका, कळो न कळो! तेव्हा रमाबाई उतारवयाकडे झुकताना हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मूळ भाषांतून नवं भाषांतर करायला बसल्या. केडगावच्या छापखान्यात खिळे जुळवायला, छापायला, बांधायला आश्रमातल्याच बायका. काम चालू असतानाच १९२१ साली मुलगी मनोरमा गेली. काम संपवून रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर आलं.

हे भाषांतर चर्चमध्ये रूढ झालं का? नाही. मुळाला फार घट्ट धरल्यामुळे ते ठिकठिकाणी अडखळतं. पण त्यामागचा हट्ट इतिहासात टिकला. ज्या बाईला कुणी काही विचारत नाही, तिलाही रोज सकाळी मधल्या माणसाशिवाय ऐकता आलं पाहिजे.

आता आपल्या दोन वस्तूंकडे परत येऊ. बायबलचाही चिंतामणी करता येतो, आणि जगभर लोक करतात. डोळे मिटून पुस्तक उघडायचं, बोट ठेवायचं, जे वचन येईल तो कौल. उत्तरेकडे रामशलाका आहे, तसंच. याला मोठा दाखला ऑगस्टीनचा देतात. ३८६ साली मिलानच्या बागेत त्याने पुस्तक उघडलं, रोमकरांस पत्रातल्या ओळी समोर आल्या आणि आयुष्य बदललं. खरंय. पण त्या क्षणामागे कित्येक वर्षांची तडफड आणि वाचन होतं, हेही त्यानेच लिहून ठेवलंय.

टिळक, लक्ष्मीबाई, रमाबाई यांच्यापैकी कुणाचंच ऐकणं दगडासारखं एका फिरक्यात झालं नाही. रोजच्या वाचनातून एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येत राहिली, ती टळेना, आणि मग त्यांनी ती जगून पाहिली. बायबलमध्येच शमुवेलची गोष्ट आहे. रात्री पोराला हाक ऐकू येते, तो तीनदा एलीकडे पळत जातो. हाक देवाची आहे हे पोराला कळत नाही, म्हाताऱ्या एलीला कळतं. ऐकणाऱ्याला दुसरं माणूस लागतं ते असं.

इथे धोकाही आहे, तो झाकून चालणार नाही. मन आपल्याच इच्छेला देवाचा आवाज देतं. १९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तो खुला. ही देवाचीच आज्ञा, असं ते म्हणत. मिशनमधल्या काहींना ते पटलं नाही. दोन वर्षांत, मे १९१९ मध्ये, टिळक गेले. आज्ञा खरी होती की नाही, हे आपण ठरवू शकत नाही. एवढं मात्र दिसतं, की त्या आवाजाने त्यांच्याकडून पगार सोडवला, पगार मिळवून दिला नाही.

रोज सकाळी पुस्तक उघडणाऱ्यांपैकी कुणी आज ऐकत असेल, मग ते बायबल असो, हरिपाठ असो, कुराण असो, तर त्यांच्यासाठी हाच इतिहासाचा धागा. जे ऐकू आलं त्याची किंमत कोण भरतंय? आपण, की दुसरं कुणी? आणि ते ऐकून आपण दुष्काळातल्या मुलीच्या जवळ गेलो, की तिच्यापासून लांब? तेरच्या थापटण्याने जे तपासलं जायचं, ते या दोन प्रश्नांनीही तपासता येतं. आज इथेच थांबू.