रोगांची नावे आणि जंतूंचा इतिहास : धाराशिव जिल्ह्याच्या पशुधनाविषयी एक टिपण

पशुरोगांचा इतिहास हा पशुवैद्यकाचा विषय असून भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने त्यात लक्ष घालण्याचे कारण काय, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे की, रोगावर इलाज होण्यापूर्वी त्याला नाव मिळालेले असते आणि ते नाव पुढे इलाजाची दिशा ठरवीत असते. धाराशिव जिल्ह्यातील गुराख्याच्या व दूध उत्पादकाच्या तोंडी असलेली रोगनामे आणि गेल्या दीडशे वर्षांतील जंतुशास्त्र ह्यांचा संबंध कोठे जुळला व कोठे तुटला, हे पाहणे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ह्या नावांचे प्रथम निरीक्षण करू. गळ्याला सूज येऊन, श्वास घरघरून जनावर एक-दोन दिवसांत दगावते, तो घटसर्प. फरा म्हणजे जनावराचा मांसल पुठ्ठा. तो सुजतो, दाबल्यास चरचरतो आणि जनावर लंगडते, म्हणून तो रोग फऱ्या. धडधाकट जनावर चरता चरता कोसळते, ती फाशी. हिलाच माणसाच्या बाबतीत काळपुळी म्हणतात. कास दगडासारखी टणक होते, ती दगडी. ह्या सर्व नावांत एक समान सूत्र आहे. डोळ्यांना जे दिसले, हाताला जे लागले, त्यावरून नाव पडले. कारण त्यात नाही. ते असण्याची शक्यताही नव्हती. म्हणूनच घटसर्प हे एकच नाव माणसाच्या आणि गुरांच्या रोगाला मिळाले. गळा दोहोंकडे धरतो हे खरे. परंतु माणसाचा घटसर्प ज्या जंतूमुळे होतो त्याचा गुरांच्या घटसर्पाशी काहीही संबंध नाही. दुसऱ्याचे कारण असलेला जंतू पाश्चरेला ह्या वंशातील असून त्या वंशास लुई पाश्चर ह्यांचे नाव दिलेले आहे.

हे जंतू ओळखले गेले ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पंचवीस वर्षांत. रॉबर्ट कॉख ह्यांनी 1876 मध्ये फाशीच्या जंतूचे जीवनचक्र उलगडून दाखविले आणि 1881 मध्ये पाश्चर ह्यांनी फ्रान्समध्ये मेंढ्यांवर त्या रोगाच्या लशीचा जाहीर प्रयोग केला. ह्या विद्येचे हिंदुस्थानातील पहिले घर महाराष्ट्रात होते, ही गोष्ट आपणांस फारशी स्मरत नाही. मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालय 1886 मध्ये निघाले आणि 1889 च्या डिसेंबरात पुण्यास इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरीची स्थापना झाली. आल्फ्रेड लिंगार्ड हे तिचे पहिले प्रमुख. घातक जंतू दाट वस्तीपासून दूर असावेत म्हणून 1893 मध्ये ती हिमालयातील मुक्तेश्वर येथे नेण्यात आली. आजच्या भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्थेचे मूळ ते हेच.

धाराशिव जिल्हा त्या काळी निजामाच्या राज्यात होता. 1948 पर्यंत तेथे निजामी अंमल राहिला. 1956 मध्ये मराठवाड्याबरोबर तो द्विभाषिक मुंबई राज्यात आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात आला. कारभाराची भाषा उर्दू, गोठ्याची भाषा मराठी, अशा स्थितीतही नव्या विद्येचा मुख्य लाभ, म्हणजे लस, जुन्या नावांच्याच आधाराने गावापर्यंत पोहोचू शकला. ‘पावसाळ्यापूर्वी घटसर्पाची व फऱ्याची लस टोचून घ्या’ हे वाक्य कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. दिसण्यावरून पडलेले नाव आणि जंतुशास्त्राने सांगितलेले कारण येथे बिनबोभाट जुळले. बुळकांडीच्या बाबतीत तर ह्या मार्गाने संपूर्ण यश मिळाले. तो रोग विषाणूचा. 2006 मध्ये भारत व 2011 मध्ये सारे जग त्यातून मुक्त झाल्याचे जाहीर झाले.

अडचण येते ती जे दिसत नाही त्याच्या बाबतीत. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात सूक्ष्मजीवांची प्रचंड वस्ती असते. 1843 मध्ये ग्रुबी व देलाफों ह्यांनी तेथील आदिजीव प्रथम पाहिले आणि अमेरिकन शास्त्रज्ञ रॉबर्ट हंगेट ह्यांनी 1966 मध्ये ह्या विषयावरील आपला प्रमाणभूत ग्रंथ प्रसिद्ध केला. पहिल्या पोटातील एका मिलिलिटर द्रवात दहा अब्जांच्या घरात जंतू असतात. ज्वारीचा कडबा गाय स्वतः पचवीत नाही. ते जंतू तो पचवितात व गाय त्यावर जगते. उस्मानाबादी शेळी ही ह्या जिल्ह्याची देशभर ओळखली जाणारी जात. पावसानंतर कोवळे गवत किंवा एकाएकी जास्त धान्य पोटात गेले म्हणजे शेळ्यांत आंत्रविषार होतो. ह्याचे जंतू बाहेरून यावेच लागतात असे नाही. ते बहुधा आतड्यात आधीपासूनच राहत असतात. खाद्य बदलले, वस्तीचा तोल ढळला, की ते वाढतात व विष सोडतात. आंत्रविषार हा शब्द पंडितांनी घडविलेला आहे. डोळ्यांना काही दिसण्यापूर्वीच शेळी मेलेली असते, मग दिसण्यावरून नाव पडावे कसे?

अशा परिस्थितीत प्रतिजैविके आली. पिंपरी येथील हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स ह्या सरकारी कारखान्याची स्थापना 1954 ची. पुढच्याच वर्षी तेथे पेनिसिलीन तयार होऊ लागले. तथापि, ह्या औषधाला निकामी करणारा जंतूंचा विकर अब्राहम व चेन ह्यांनी 1940 मध्येच, म्हणजे औषधाचा सार्वत्रिक वापर सुरू होण्यापूर्वीच, नोंदविला होता. अपुऱ्या मात्रेने जंतू निर्ढावतात, असा इशारा अलेक्झांडर फ्लेमिंग ह्यांनी 1945 च्या नोबेल व्याख्यानात दिला. जपानी संशोधकांनी 1959 मध्ये दाखविले की, हा रोध एका जंतूकडून दुसऱ्या जातीच्या जंतूकडे थेट जाऊ शकतो. 1969 मध्ये ब्रिटनमधील स्वान समितीने माणसांसाठी महत्त्वाची प्रतिजैविके जनावरांच्या वाढीसाठी खाद्यात घालू नयेत, अशी शिफारस केली. 2015 मध्ये कोलिस्टिन ह्या राखीव औषधाला दाद न देणारे संक्रमणशील जनुक चीनमधील डुकरांच्या जंतूंत सापडले आणि भारताने 2019 मध्ये अन्नोपयोगी जनावरांत त्या औषधाच्या वापरास बंदी केली.

ह्या इतिहासाला आपल्या भाषेने काय रूप दिले? बोलीत म्हणतात, ‘गाईला औषध लागू पडेना’, ‘अंगाला सुईची सवय झाली’. ह्या वाक्यांची रचना पाहावी. गाय आहे, औषध आहे, अंग आहे. जंतू मात्र वाक्यात कोठेच नाही. शिष्ट मराठीने त्यात आणखी एक घोटाळा केला. प्रतिकारशक्ती हा शब्द आपण शरीराच्या गुणासाठी वापरतो व जंतूंनाही तोच लावतो. ‘प्रतिकारशक्ती वाढली आहे’ असे ऐकणाऱ्याला ती गोष्ट चांगलीच वाटणार! बिघाड गाईच्या अंगात आहे असा समज झाला, की अधिक जोराचे औषध मागणे हे ओघानेच येते. बिघाड जंतूंच्या वंशात आहे हे कळले, तर कोणता जंतू आहे ते आधी तपासून मग औषध द्यावे, हा विचार सुचतो. 2022 मध्ये महाराष्ट्रात लंपी त्वचारोगाची साथ पसरली. तो विषाणूचा रोग. प्रतिजैविकांचा उपयोग तेथे जखमांत होणाऱ्या दुय्यम जंतुसंसर्गापुरताच. हा भेद सांगावयास आपल्या नित्याच्या बोलीत सुटसुटीत शब्द नाहीत.

दगडीचे उदाहरण अधिक बोलके आहे. कास टणक झाली की रोग कळतो; पण त्याआधी सुप्त कासदाह असतो, ज्यात कास मऊ व दूध वरकरणी चांगले असते. तो ओळखण्याची साधी चाचणी कॅलिफोर्नियात 1957 मध्ये निघाली. ज्याला लोकभाषेत नाव नाही त्याची चाचणी कोण करून घेणार? मग कास दगडी झाल्यावर सुया टोचल्या जातात आणि औषधाचा अंश दुधात उतरतो. असे दूध काही दिवस विकू नये असा नियम आहे. परंतु ह्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात अनेक घरांचा रोजचा पैसा दुधाचाच असतो. भूम तालुक्यात दूध आटवून खवा करण्याचा मोठा धंदा आहे. आणि उकळण्याने सर्व प्रतिजैविके नष्ट होतात असे नाही. दोन-चार दिवसांचे दूध ओतून द्या, असे ज्याला सांगावयाचे त्याला त्याचे कारण त्याच्या भाषेत सांगणे, हे आपले कर्तव्य ठरते.

असा शब्द मराठीपाशी नाही काय? आमच्या मते तो प्रत्येक स्वयंपाकघरात आहे. प्रतिजैविकाचा अंश असलेल्या दुधाला विरजण नीट लागत नाही, हे दुग्धशास्त्राला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. विरजण म्हणजे जिवंत, उपयोगी जंतूंची वस्तीच. ते चमचाभर पुरते, एका घरातून दुसऱ्या घरी जाते, जपले तर पिढ्यान् पिढ्या टिकते. गाईच्या पोटातील वस्तीही तशीच; चुकीच्या औषधाने तीही नासते. आणि औषधाला न जुमानणारे जंतू पसरतात ते विरजणासारखेच, थोडक्यातून पुष्कळ होऊन, गोठ्यातून घरात. तेव्हा जंतूंच्या बाबतीत प्रतिकारशक्ती हा शब्द टाकून ‘औषधाला न जुमानणारे जंतू’ असे सरळ म्हणावे आणि पोटातील वस्तीची कल्पना विरजणावरून द्यावी, अशी आमची सूचना आहे.

घटसर्प व फऱ्या ही नावे देणाऱ्यांनी डोळ्यांचा उपयोग चोख केला होता. जे डोळ्यांना दिसत नाही त्याला नाव देण्याचे काम त्यांनी आपल्यावर सोपविले आहे. परभणी व उदगीर येथील पशुवैद्यक महाविद्यालये आणि मराठी भाषेचे विभाग ह्यांनी ते एकत्र बसून करावे. जी परिभाषा गोठ्यात उच्चारली जाणार नाही, ती कोशात कितीही शुद्ध असली तरी गाईच्या उपयोगी पडणार नाही.