भिंतीखाली उभे राहणारे

आमच्या बुलढाण्यात भरदिवसा कुणी भिंतीवर चढताना दिसला, तर लोक आधी त्याला दम देऊन खाली उतरवतील. चढण्याची चुरस म्हटली की आम्हाला दहीहंडीच आठवते. त्यामुळे ७ ऑगस्ट २०२४ ला शाळा सुटल्यावर माझ्या मोबाईलवर पॅरिस ऑलिंपिकमधली पंधरा मीटरची भिंत पाहताना मुली थक्क झाल्या होत्या. इंडोनेशियाची राजिया सल्लसबिल्ला चढत होती, डोक्यावर स्कार्फ. "सर, ही तर आपल्यासारखीच!" एक म्हणाली. राजिया चौथी आली, पदक हुकलं. खरं सांगायचं तर तिचा पाय कुठे पडला, हात कुठे पोहोचला, हे माझ्याही लक्षात राहिलं नाही. मीही स्कार्फच पाहत होतो.

पाहणाऱ्यांच्या या नजरेची धास्ती या खेळात जुनी आहे. सोव्हिएत संघात १९४०च्या दशकाच्या अखेरीस वेगाने कडा चढण्याच्या स्पर्धा सुरू झाल्या होत्या. पण १९८५ मध्ये इटलीत बार्दोनेक्कियाला स्पर्धा ठरली, तेव्हा फ्रान्सच्या एकोणीस नामवंत गिर्यारोहकांनी स्पर्धांविरुद्ध जाहीरनामाच काढला. कड्याशी असलेलं नातं गर्दीसमोरचा तमाशा होऊ नये, असं त्यांचं म्हणणं. स्पर्धा झालीच. नैसर्गिक खडकाची नासधूस टाळायला आणि लोकांना जवळून पाहता यावं म्हणून पुढे खेळ कृत्रिम भिंतींवर आला. २०१६ आणि २०१७ मध्ये तर गिरिविहार संस्थेच्या पुढाकाराने बोल्डरिंगच्या विश्वचषकाची फेरी आपल्या नवी मुंबईतही झाली.

यात एक गंमत आहे. दोर लावून उंच चढण्याच्या अंतिम फेरीत खेळाडूंना एकमेकांची चढाई पाहू देत नाहीत. आधीची कुठे पडली ते प्रेक्षकाला ठाऊक, चढणारीला नाही! वेगाच्या शर्यतीत मात्र जगभर भिंत एकसारखी, पकडी एकसारख्या, त्यामुळे विक्रम मोजता येतो. तो विक्रम ऑक्टोबर २०१९ मध्ये चीनच्या शियामेन शहरात आरिस सुसांती रहायू हिने केला. ६.९९५ सेकंद, सात सेकंदांच्या आत पोहोचलेली ती पहिली महिला. तीही इंडोनेशियाची, तीही स्कार्फ बांधून. तीन वर्षांनी सोलमध्ये इराणची एलनाज रेकाबी स्कार्फशिवाय चढली आणि जगभर बातमी झाली. त्या स्पर्धेत ती कितवी आली, हे किती जणांना सांगता येईल? एकीचं डोकं झाकलेलं म्हणून कौतुक, दुसरीचं उघडं म्हणून गदारोळ. हातापायांचा हिशेब दोन्हीकडे राहूनच गेला. आपल्या समाजातल्या मुलींचं मैदानावर येणं इथेच अडतं, असं मला वाटतं.

दुसऱ्या दिवशी पुरुषांची अंतिम शर्यत. वेद्रिक लिओनार्दो ४.७५ सेकंद, चीनचा वू पेंग ४.७७. बॅडमिंटनखेरीज दुसऱ्या खेळातलं इंडोनेशियाचं हे पहिलं ऑलिंपिक सुवर्ण. मुलींनी व्हिडिओ चारदा मागे नेला. "सर, हळू करा ना," कालचीच मुलगी म्हणाली, "पाय कुठे ठेवतो ते बघायचंय."