शिळेवरचे धम्मचक्र

विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत धम्मावर, बाबासाहेबांच्या चळवळीवर आणि आपल्या वस्तीच्या वाटचालीवर लेख येतातच. आम्ही मात्र इथे थोडा वेगळा विषय घेतला आहे. सैनिक मेल्यावर त्याच्या थडग्याच्या दगडावर जे धर्मचिन्ह कोरतात, त्याचा अर्थ काय?

कुणी म्हणेल, आपण अग्निसंस्कार करणारी माणसं, आपल्याला थडग्यांशी काय देणंघेणं? पण आपल्या कितीतरी घरांत आजोबा, वडील, चुलते पलटणीत होते. बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी त्यांचा वर्दीतला फोटो लावलेला असतो. बाबासाहेबांचे वडील रामजीबाबा स्वतः सुभेदार होते. तेव्हा सैनिकाच्या मरणानंतर सरकार त्याची काय म्हणून नोंद ठेवतं, हा आपल्या घरचाच प्रश्न आहे. शिवाय आपलं धम्मचक्र हजारो मैलांवर अमेरिकेतल्या सैनिकांच्या शिळांवर कोरलेलं आहे. ते तिथं आपोआप पोचलं नाही. ते कसं पोचलं, ही हकीकत आपल्या मुलाबाळांना माहीत असावी म्हणून हा लेखनप्रपंच.

गळ्यातला बिल्ला आणि थडग्यावरचा दगड

अमेरिकेचं सरकार आपल्या सैनिकाच्या थडग्यासाठी दगड स्वखर्चाने देतं. पहिल्या महायुद्धानंतर, १९२२ साली, या दगडाचा नवा नमुना ठरला आणि त्यावर धर्मचिन्ह कोरण्याची मुभा मिळाली. पण चिन्हं दोनच होती. ख्रिस्ती माणसाला क्रूस आणि यहुदी माणसाला दाविदाचा तारा. तिसऱ्या धर्माचा माणूस देशासाठी मरेल, हे नियम करणाऱ्यांच्या गावीही नव्हतं.

दुसऱ्या महायुद्धात हा माणूस पुढे आला. ७ डिसेंबर १९४१ रोजी जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. अमेरिकेत राहणाऱ्या जपानी वंशाच्या लोकांवर सरकारचा संशय बसला. पहिल्या काही दिवसांत ज्यांना पकडून नेलं त्यांत बौद्ध विहारांचे धर्मगुरूही होते. १९ फेब्रुवारी १९४२ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी हुकूम काढला आणि त्याच्या आधारे सुमारे १ लाख २० हजार माणसं काटेरी तारेच्या छावण्यांत डांबली गेली. त्यांतले दोन तृतीयांश लोक जन्माने अमेरिकेचेच नागरिक होते. गुन्हा एकच, कोणत्या वंशात जन्मले तो. जन्मावरून माणसाची किंमत ठरवणं म्हणजे काय असतं, हे आम्ही तुम्हाला वेगळं सांगायला नको.

अशा लोकांच्या मुलांनी तरीही बंदूक हाती घेतली. हवाई बेटांतल्या मुलांची १०० वी पलटण १९४२ साली उभी राहिली आणि १९४३ साली ४४२ वी रेजिमेंट. काहींचे आईबाप तारेच्या आत आणि मुलगा तारेबाहेर त्याच सरकारच्या वर्दीत, अशी स्थिती. यांतले पुष्कळ जवान बौद्ध घरांतले होते. पण प्रत्येक जवानाच्या गळ्यात जो ओळखीचा बिल्ला असे, त्यावर धर्माची अक्षरं तीनच ठरलेली होती. 'पी' म्हणजे प्रोटेस्टंट, 'सी' म्हणजे कॅथलिक आणि 'एच' म्हणजे हिब्रू, अर्थात यहुदी. बौद्धांसाठी अक्षरच नव्हतं. त्यांच्याबरोबर दिलेले धर्मगुरूही ख्रिस्तीच होते. त्या धर्मगुरूंनी या मुलांना सांभाळून घेतलं यात शंका नाही. पण मरणाच्या दारात असलेल्या मुलाला आपल्या धम्माचे शब्द ऐकवणारं तिथं कुणी नव्हतं.

ही मुलं इटलीत आणि फ्रान्समध्ये लढली. ऑक्टोबर १९४४ मध्ये फ्रान्सच्या व्होज डोंगरात टेक्सासची एक पलटण शत्रूच्या वेढ्यात सापडली. ४४२ व्या रेजिमेंटने ती सोडवली. सुटले २११ जण. त्या लढाईच्या दिवसांत रेजिमेंटचे मेलेले आणि जखमी झालेले मिळून आकडा आठशेच्या घरात गेला. पुढे या रेजिमेंटचं शौर्याबद्दल अमेरिकाभर नाव झालं. पण तो मान नंतरचा. त्याआधी प्रश्न होता तो मेलेल्यांना कुठे आणि कोणत्या खुणेखाली निजवायचं याचा.

तिसरं चिन्ह

होनोलुलू शहरात एका विझलेल्या ज्वालामुखीच्या खोलगट माथ्यावर पॅसिफिकचं राष्ट्रीय स्मारक-स्मशान आहे. लोक त्याला पंचबोल म्हणतात. तिथं पहिलं दफन जानेवारी १९४९ मध्ये झालं. सुरुवातीला थडग्यांवर लावलेल्या लाकडी खुणा दोनच आकारांच्या होत्या, क्रूस आणि तारा. त्या तात्पुरत्या आहेत असं लष्कर सांगत होतं. पण ज्या आईने विहारात फुलं वाहून मुलाला रणावर पाठवलं, तिला त्या खुणांत आपल्या मुलाचं काय दिसणार?

अमेरिकेतल्या तरुण बौद्धांच्या संघटनांनी युद्धानंतर हा प्रश्न लावून धरला. बिल्ल्यावर बौद्धांसाठी अक्षर हवं आणि शिळेवर बौद्धांचं चिन्ह हवं, ही मागणी त्यांनी सोडली नाही. अखेर १९५१ साली नियम बदलला आणि क्रूस व तारा यांच्या जोडीला तिसरं चिन्ह आलं. ते म्हणजे आठ आऱ्यांचं धम्मचक्र. त्याच वर्षी पंचबोलमधल्या लाकडी खुणा काढून जमिनीसरपाट ग्रॅनाइटच्या शिळा बसवल्या गेल्या.

धम्मचक्रच का, हेही समजून घेऊ. तथागतांनी सारनाथला पहिलं प्रवचन दिलं, त्याला आपण धम्मचक्रप्रवर्तन म्हणतो. आठ आरे म्हणजे आर्य अष्टांगिक मार्ग. जपानचा बौद्ध असो, श्रीलंकेचा असो की नागपूरचा, पंथ वेगळे असले तरी हे चक्र सगळ्यांचं आहे. बुद्धमूर्ती घडू लागण्यापूर्वी शिल्पकार तथागतांचं अस्तित्व चक्र, बोधिवृक्ष आणि पावलांच्या खुणा यांतूनच दाखवीत. तेव्हा चक्र ही शोभेची नक्षी नव्हे. हा माणूस कोणत्या मार्गाने चालला, हे ते चिन्ह सांगतं.

इथं एक शंका येईल. सगळं अनित्य आहे, अत्ता नाही, अशी शिकवण असताना दगडावरच्या खुणेची एवढी ओढ का? आमचं म्हणणं असं की, मृताला त्या खुणेची गरज नसते. ती असते मागे राहिलेल्यांना. सांचीचं उदाहरण घ्या. १८५१ साली कनिंगहॅम आणि मेसी यांनी तिथला एक स्तूप उघडला, तेव्हा आत दोन दगडी पेट्या निघाल्या. एकीच्या झाकणावर सारिपुत्ताचं नाव कोरलेलं होतं, दुसरीवर महामोग्गल्लानाचं. त्या अस्थी इंग्लंडला गेल्या, परत आल्या आणि १९५२ साली सांचीच्या नव्या विहारात ठेवल्या गेल्या. दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी काळजीपूर्वक नाव कोरलं, म्हणून त्या अस्थी कुणाच्या हे जगाला कळलं. नाव नसतं तर ती नुसती राख होती. खरी नोंद ठेवणं ही आपल्या परंपरेतलीच गोष्ट आहे.

अमेरिकेतही सगळं ठीक झालं असं नाही. परदेशातल्या अमेरिकी लष्करी स्मशानांत, म्हणजे फ्रान्स-इटलीत जे जवान तिथेच निजले त्यांच्यावर, आजही क्रूस आणि तारा या दोनच खुणा आहेत. यहुदी नसेल त्याला क्रूस. देशातल्या स्मशानांत मात्र दार हळूहळू उघडत गेलं. विक्का नावाच्या एका लहान पंथाचा सार्जंट पॅट्रिक स्टुअर्ट २००५ साली अफगाणिस्तानात मारला गेला. त्याच्या पंथाचं चिन्ह द्यायला सरकार तयार नव्हतं. त्याची पत्नी झगडत राहिली, कोर्टकचेऱ्या झाल्या आणि एप्रिल २००७ मध्ये सरकारने ते चिन्ह मान्य केलं. आज मान्य चिन्हांची संख्या सत्तरच्या वर आहे आणि त्यांत कोणताच धर्म न मानणाऱ्यांचंही चिन्ह आहे. तो पंथ आपल्याला पटो न पटो. मेलेल्या जवानाचं मन त्याच्या घरच्यांनी सांगावं, सरकारने ठरवू नये, हे तत्त्व आपल्याला पटायलाच हवं.

आपल्याकडचे दगड

आता परदेशातून घरी येऊ. पुण्याला खडकी येथे महायुद्धातल्या सैनिकांचं स्मशान आहे. तिथं दुसऱ्या महायुद्धातले सोळाशेहून अधिक सैनिक निजले आहेत. १९१७ साली ब्रिटिश साम्राज्याने युद्धातल्या मृतांसाठी एक आयोग नेमला. साहेब असो की शिपाई, सगळ्यांचा दगड एकाच मापाचा आणि प्रत्येकाला त्याच्या धर्माप्रमाणे खूण, असं त्या आयोगाने ठरवलं. विचार उत्तम होता.

पण आचार तसा राहिला नाही. इराकमध्ये बसऱ्याच्या स्मारकावर पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश सैनिकांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली. हिंदी शिपायांचा मात्र पलटणवार नुसता आकडा. २०२१ साली आयोगाच्याच चौकशी समितीने हा भेदभाव उघडपणे कबूल केला. पहिल्या महायुद्धातले ४५ ते ५४ हजार मृत, मुख्यतः हिंदी, आफ्रिकी आणि इजिप्तचे, इतरांच्या बरोबरीने स्मरले गेले नाहीत. आणि किमान १ लाख १६ हजार जणांची नावानिशी नोंदच झाली नसावी, असा त्या समितीचा अंदाज आहे. त्या आकड्यांत कोणत्या गावचा कोण आहे, हे आता कोण सांगणार?

म्हणूनच भीमा कोरेगावच्या स्तंभाचं मोल मोठं आहे. १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर, २६ मार्च १८२१ रोजी त्याची पायाभरणी झाली. त्यावर कंपनीच्या ४९ मृत सैनिकांची नावं आहेत आणि त्यांतली २२ 'नाक' या शेवटाची, म्हणजे आपल्या पूर्वजांची. धर्मचिन्ह नाही, पण नाव आहे. ज्यांची सावलीही गावाला चालत नव्हती, त्यांचं नाव दगडावर राहिलं. १ जानेवारी १९२७ रोजी प. पू. बाबासाहेब त्या स्तंभापाशी गेले आणि तेव्हापासून तो आपल्यासाठी नुसता दगड राहिला नाही. १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली, तेव्हा तिच्या टोपीवरच्या बिल्ल्यात हाच स्तंभ होता.

रकान्यात काय लिहायचं?

तर मुद्दा हा की, शिळेवर काय कोरायचं ते कागदावरून ठरतं, आणि कागदावर काय यायचं ते आपण सांगण्यावर आहे. अमेरिकेत चक्राला मान्यता मिळाली त्याच १९५१ सालच्या शिरगणतीत, आजच्या महाराष्ट्राच्या भागात बौद्ध म्हणून नोंदलेली माणसं अडीच हजारही नव्हती. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दीक्षा झाली आणि १९६१ साली हीच संख्या सुमारे २७ लाख ९० हजार झाली. तोंडाने नुसतं म्हणून हे झालं नाही. घराघरांतल्या माणसांनी मोजणीला आलेल्या मास्तरांपुढे 'बौद्ध' हा शब्द उच्चारला, म्हणून झालं.

पुढे मात्र घोळ झाला. बौद्ध लिहिलं तर केंद्राच्या सवलती जातील, या भीतीने कित्येकांनी कागदावर जुनाच धर्म ठेवला. घरात त्रिशरण-पंचशील आणि दाखल्यावर भलतंच. त्यांना आम्ही दोष देत नाही, पोटाचा प्रश्न होता. पण १९९० साली कायदा बदलला आणि बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींच्या लोकांना केंद्राच्याही सवलती लागू झाल्या. ती अडचण आता उरलेली नाही. तरी अजून पुष्कळ घरांत जुन्या कागदावर एक आणि मनात एक असंच चाललेलं आहे.

परक्या देशातल्या, संशयाने पाहिल्या गेलेल्या बौद्धांनी आपल्या मेलेल्या मुलांसाठी एक चक्र मागून घेतलं. आपण तर आपल्याच देशात आहोत, आणि अशोकाचं चक्र आपल्या राष्ट्रध्वजावर मधोमध आहे. मग आपल्याला संकोच कशाचा?

वस्तीतल्या कुटुंबांना आम्ही दोन गोष्टी सुचवतो. एक, मुलगा किंवा मुलगी सैन्यात, पोलिसात, कुठेही नोकरीला लागली तर धर्माच्या रकान्यात काय लिहिलं आहे ते घरच्यांनी एकदा डोळ्यांनी पाहावं. दोन, आपल्या विहारात एक जाड नोंदवही ठेवावी. वस्तीतल्या प्रत्येक माजी सैनिकाचं नाव, गाव, पलटण, नोकरीची वर्षं आणि मृत्यूची तारीख तीत लिहावी, आणि पहिल्या पानावर धम्मचक्र काढावं. आपण अग्नी देतो, आपल्याकडे शिळा राहत नाही. ती वहीच आपली शिळा. म्हातारी माणसं आहेत तोवर त्यांना विचारून घ्या. ती गेली की आपल्याजवळही बसऱ्यासारखा नुसता आकडा उरेल.

नमो बुद्धाय! जयभीम!