भेट, परवाना आणि नागरिकत्व : भारत-पाकिस्तान प्रवासाच्या कागदपत्रांचा इतिहास (१९४८ ते १९६६)

प्रस्तावना

भारताच्या फाळणीचा अभ्यास प्रामुख्याने हिंसाचार, स्थलांतर आणि निर्वासितांचे पुनर्वसन या तीन अंगांनी झालेला आहे. मात्र सीमा आखली गेल्यानंतर ती ओलांडण्यासाठी लागणारी कागदपत्रे कशी निर्माण झाली आणि त्या कागदपत्रांनी सामान्य माणसाचे आयुष्य कसे घडविले अथवा बिघडविले, याकडे तुलनेने कमी लक्ष दिले गेले आहे. ऑगस्ट १९४७ मध्ये दोन राष्ट्रे अस्तित्वात आली तेव्हा त्यांच्या दरम्यान प्रवास करण्यास कोणत्याही परवान्याची आवश्यकता नव्हती. भारताचा कायमचा रहिवासी आजारी नातेवाइकाला भेटण्यासाठी, लग्नासाठी किंवा व्यापारासाठी कराचीला अथवा लाहोरला जाऊन परत येऊ शकत होता. पुढील पाच वर्षांत ही स्थिती पूर्णपणे पालटली. प्रस्तुत लेखात १९४८ ची परवाना पद्धती, तिचा भारतीय संविधानातील नागरिकत्वविषयक तरतुदींवर झालेला परिणाम, १९५२ ची पारपत्र पद्धती आणि त्यासंबंधीचे सर्वोच्च न्यायालयाचे निर्णय यांचा आढावा घेण्याचा प्रयत्न केला आहे. प्रवासाचे नियमन करण्यासाठी निर्माण झालेला कागद अल्पावधीतच नागरिकत्वाचा पुरावा बनला आणि 'भेटीला जाणे' व 'निघून जाणे' यांतील फरक प्रवाशाच्या मनातील हेतूपेक्षा त्याच्या हातातील कागदावरून ठरू लागला, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

परवाना पद्धतीची पार्श्वभूमी

१९४७ च्या उत्तरार्धात पश्चिम पाकिस्तानातून आलेल्या लाखो हिंदू व शीख निर्वासितांचा प्रचंड ताण दिल्ली, पूर्व पंजाब आणि संयुक्त प्रांतावर पडला होता. याच भागांतून अनेक मुस्लिम कुटुंबे दंगलींच्या भीतीने पाकिस्तानात गेली होती. १९४८ च्या प्रारंभी वातावरण काहीसे निवळल्यावर त्यांपैकी अनेकजण परत येऊ लागले. परंतु त्यांच्या घरांत आता निर्वासित राहत होते. परत आलेल्याला घर द्यावे तर निर्वासिताला पुन्हा बेघर करावे लागणार, असा हा पेच होता.

या परिस्थितीत भारत सरकारने पश्चिम पाकिस्तानातून होणारा प्रवेश नियंत्रित करणारा अध्यादेश काढला आणि १९ जुलै १९४८ पासून परवाना पद्धती अमलात आली. त्याच वर्षाच्या ऑक्टोबर महिन्यात पाकिस्तानने आपली परवाना पद्धती सुरू केली. भारतातील अध्यादेशाचे रूपांतर पुढे १९४९ च्या पाकिस्तानातून होणाऱ्या प्रवेशाचे नियंत्रण करणाऱ्या अधिनियमात झाले. ही पद्धती पश्चिम पाकिस्तानापुरतीच मर्यादित होती. पूर्व पाकिस्तान व पश्चिम बंगाल यांच्यातील ये-जा १९५२ पर्यंत परवान्याविना चालू राहिली. एकाच फाळणीने निर्माण झालेल्या दोन सीमांवर दोन वेगवेगळ्या व्यवस्था होत्या, ही बाब येथे लक्षात घेण्याजोगी आहे.

मुंबईच्या दृष्टीने या बदलाचे स्वरूप विशेष होते. सिंध प्रांत १ एप्रिल १९३६ पर्यंत मुंबई इलाख्याचाच भाग होता. मुंबई व कराची ही सागरी मार्गाने जोडलेली एकाच प्रशासनातील दोन बंदरे होती आणि कराचीत मराठी भाषकांचीही वस्ती होती. जो प्रवास बारा वर्षांपूर्वी एकाच इलाख्यातील एका शहरातून दुसऱ्या शहरात होत असे, त्यासाठी आता परराष्ट्रात प्रवेश करताना लागावा तसा कागद आवश्यक ठरला.

परवान्यांचे प्रकार आणि त्यांतील भेद

पाकिस्तानातून भारतात येऊ इच्छिणाऱ्या व्यक्तीस तेथील भारतीय उच्चायुक्तालयाच्या कार्यालयातून परवाना घ्यावा लागे. परवान्यांचे अनेक प्रकार होते. अल्पकाळाच्या भेटीसाठी तात्पुरता परवाना, वारंवार ये-जा करणाऱ्यांसाठी वेगळा परवाना, भारतात नव्याने स्थायिक होण्यासाठी पुनर्वसनाचा परवाना आणि पूर्वी भारतात राहणाऱ्या व्यक्तीसाठी कायमचे परत येण्याचा परवाना, हे त्यांतील महत्त्वाचे प्रकार होत. यांपैकी शेवटचा परवाना मिळविणे सर्वांत कठीण होते. अर्जदार जेथे राहू इच्छितो तेथील प्रांतिक सरकारची पूर्वसंमती त्यासाठी आवश्यक असे.

व्यवहारात याचा परिणाम असा झाला की घरी लवकर पोहोचण्याची निकड असलेला माणूस तात्पुरता परवाना घेऊन येई. तो स्वतःच्या गावी, स्वतःच्या घरी येत असे; कागदावर मात्र तो पाकिस्तानातून आलेला पाहुणा असे. मुदत संपल्यावर न जाणे हा गुन्हा होता आणि मुदतीत परत जाणे म्हणजे आपले घर पाकिस्तानात असल्याची जणू कबुली देणे होते. अशा दुहेरी कोंडीत सापडलेल्यांची प्रकरणे पुढे न्यायालयांसमोर आली.

या कोंडीला मालमत्तेच्या कायद्याने आणखी धार आणली. १ मार्च १९४७ रोजी किंवा त्यानंतर फाळणी अथवा दंगलींच्या कारणाने भारत सोडून गेलेली व्यक्ती निष्क्रांत मानली जाई आणि तिची मालमत्ता अभिरक्षकाच्या ताब्यात जाई. १९५० च्या निष्क्रांत मालमत्ता प्रशासन अधिनियमात हीच व्यवस्था अधिक व्यापक करण्यात आली. परिणामी, प्रवासाला निघालेल्या माणसाच्या परतीचा प्रश्न आणि त्याच्या घरादाराचा प्रश्न एकमेकांत गुंतले गेले.

संविधानात शिरलेली तारीख

परवाना पद्धतीचा सर्वांत दूरगामी परिणाम भारतीय संविधानात दिसून येतो. अनुच्छेद ६ नुसार, पाकिस्तानातून भारतात आलेल्या व्यक्तींचे दोन गट करण्यात आले. १९ जुलै १९४८ पूर्वी येऊन भारतात सामान्यपणे वास्तव्य करणाऱ्यास, विहित अटींच्या अधीन राहून, आपोआप नागरिकत्व मिळाले. त्या दिवशी किंवा त्यानंतर आलेल्यास किमान सहा महिन्यांचे वास्तव्य व नोंदणी आवश्यक ठरली. परवाना पद्धती ज्या दिवशी सुरू झाली तीच ही तारीख आहे. प्रशासकीय सोयीसाठी निवडलेल्या एका दिवसाला अशा प्रकारे संविधानात कायमचे स्थान मिळाले.

अनुच्छेद ७ अधिक कठोर आहे. १ मार्च १९४७ नंतर जी व्यक्ती स्थलांतर करून पाकिस्तानात गेली असेल तिला भारताची नागरिक मानले जाणार नाही, असे तो सांगतो. मात्र त्याच्या परंतुकानुसार पुनर्वसनाच्या किंवा कायमचे परत येण्याच्या परवान्यावर आलेल्या व्यक्तीस हा नियम लागू होत नाही. तिची गणना १९ जुलै १९४८ नंतर आलेल्यांमध्ये केली जाते.

ऑगस्ट १९४९ मध्ये संविधान सभेत या तरतुदींवर तीव्र वाद झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी नागरिकत्वाचे अनुच्छेद मांडताना, मसुदा समितीस एखाद्या दुसऱ्या अनुच्छेदाचा अपवाद वगळता इतका त्रास कोणत्याही अनुच्छेदाने दिला नसल्याचे नमूद केले. जसपत राय कपूर, ठाकुर दास भार्गव आदी सदस्यांनी परंतुकास विरोध केला. एकदा देश सोडून गेलेल्यास परत घेणे हे निर्वासितांवर अन्याय करणारे आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी परंतुकाचे समर्थन केले. कायमच्या परतीचा परवाना पुरेशा चौकशीनंतरच दिला जातो आणि ज्यास सरकारने स्वतः परत येऊ दिले त्यास नागरिकत्व नाकारणे न्याय्य नाही, असा त्यांच्या भूमिकेचा आशय होता. सभेने परंतुक स्वीकारले. तथापि त्यामुळे एखाद्या व्यक्तीचे नागरिकत्व उच्चायुक्तालयातील अधिकाऱ्याने दिलेल्या परवान्याच्या प्रकारावर अवलंबून राहिले.

न्यायालयासमोरील प्रवासी

या व्यवस्थेचे मानवी स्वरूप समजून घेण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाचा १९५५ चा 'बिहार राज्य विरुद्ध कुमार अमर सिंग' हा निर्णय महत्त्वाचा आहे. या प्रकरणातील स्त्री जुलै १९४८ मध्ये कराचीला गेली. आपण उपचारांसाठी तात्पुरते गेलो होतो, असे तिचे म्हणणे होते. डिसेंबर १९४८ मध्ये ती तात्पुरत्या परवान्यावर भारतात आली आणि एप्रिल १९४९ मध्ये परत गेली. दरम्यान तिची मालमत्ता निष्क्रांत मालमत्ता म्हणून अभिरक्षकाच्या कक्षेत आली. १९५० मध्ये तिने कायमचे परत येण्याचा परवाना मिळविला. पण बिहार सरकारची पूर्वसंमती न घेता तो दिला गेल्याच्या कारणावरून लवकरच रद्द करण्यात आला. तात्पुरता परवाना घेताना तिने आपण पाकिस्तानची रहिवासी असल्याचे दर्शविले होते, ही बाब न्यायालयात निर्णायक ठरली. तिचा पती भारताचा अधिवासी होता. तरीही अनुच्छेद ७ अन्य तरतुदींपेक्षा प्रभावी असल्याने तिला भारताची नागरिक मानता येणार नाही, असा निर्णय झाला.

या निर्णयाच्या मागे असलेली परिस्थिती विचारात घेतली पाहिजे. तात्पुरता परवाना हवा असेल तर अर्जदाराने आपण पाकिस्तानात राहतो असे म्हणणे ओघानेच येत होते. म्हणजे भेटीसाठी येण्याची अट पूर्ण करताना जे लिहिले गेले, तेच पुढे घर गमावण्याचा पुरावा ठरले.

न्यायालयाने काही प्रसंगी या व्यवस्थेला मर्यादाही घातल्या. १९५४ च्या 'इब्राहिम वझीर मावत विरुद्ध मुंबई राज्य' या खटल्यात १९४९ च्या अधिनियमाचे कलम ७ तपासले गेले. परवान्याविषयीचा गुन्हा केल्याच्या केवळ वाजवी संशयावरूनही एखाद्या व्यक्तीस देशाबाहेर काढण्याचा अधिकार हे कलम सरकारला देत होते. भारतीय नागरिकाच्या बाबतीत ही तरतूद देशात कोठेही राहण्याच्या व स्थायिक होण्याच्या मूलभूत हक्काचा भंग करते, असे न्यायालयाने बहुमताने ठरविले. मूळ अधिनियम १९५२ मध्येच रद्द झालेला असल्याने हा न्याय अनेकांच्या दृष्टीने उशिरा आला.

पारपत्र पद्धतीचा आरंभ आणि नवे प्रश्न

१५ ऑक्टोबर १९५२ पासून दोन्ही देशांदरम्यान पारपत्र व व्हिसा पद्धती सुरू झाली आणि ती पूर्व सीमेलाही लागू झाली. ती अमलात येण्यापूर्वीच्या आठवड्यांत पूर्व पाकिस्तानातून पश्चिम बंगालमध्ये येणाऱ्यांची संख्या मोठ्या प्रमाणात वाढली. सीमेलगत राहणाऱ्या आणि शेती वा रोजच्या बाजारासाठी ये-जा करणाऱ्यांसाठी विशेष प्रकारच्या व्हिसाची सोय करण्यात आली.

पाकिस्तानात अडकलेल्या भारतीय रहिवाशापुढे आता वेगळी अडचण होती. परवाना हे भारतीय अधिकाऱ्याने दिलेले प्रवेशपत्र होते. पारपत्र मात्र ज्या देशाने दिले त्या देशाचे नागरिकत्व सूचित करणारे होते. पाकिस्तानी पारपत्र घेतल्याशिवाय परत येण्याचा मार्ग अनेकांना उपलब्ध नव्हता आणि ते घेतल्यावर ते पाकिस्तानी ठरत होते. १९५५ चा नागरिकत्व अधिनियम व १९५६ चे नियम यांनी हा प्रश्न अधिक तीव्र केला. परदेशाचे पारपत्र मिळविणे हा त्या देशाचे नागरिकत्व स्वेच्छेने स्वीकारल्याचा निर्णायक पुरावा मानण्यात आला. तोपर्यंत पाकिस्तानी व्यक्ती राष्ट्रकुलाच्या जुन्या कल्पनेमुळे परकीय व्यक्तींविषयीच्या १९४६ च्या अधिनियमानुसार 'परकीय' ठरत नव्हती. १९५७ च्या दुरुस्तीने भारताचा नागरिक नसलेली प्रत्येक व्यक्ती परकीय ठरली आणि वर्षानुवर्षे आपल्या गावात राहणारे अनेकजण कायद्याच्या दृष्टीने परकीय झाले.

'इझहार अहमद खान विरुद्ध भारत संघ' या १९६२ च्या खटल्यात पारपत्राविषयीचा नियम सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने वैध ठरविला. बहुमताचा निर्णय न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी लिहिला होता. तथापि पारपत्र दडपणाखाली अथवा फसवणुकीने घ्यावे लागले असे व्यक्तीने म्हटल्यास सक्षम अधिकाऱ्याने त्याचा विचार केला पाहिजे, हे तत्त्व १९६५ च्या 'मोहम्मद अयूब खान' प्रकरणात मान्य झाले. १९६६ मध्ये 'कुलाथिल मम्मू विरुद्ध केरळ राज्य' या खटल्यात न्यायालयाने आपला आधीचा अन्वयार्थ बाजूला ठेवून 'स्थलांतर' या शब्दाचा व्यापक अर्थ स्वीकारला. स्वेच्छेने गेलेली व्यक्ती विशिष्ट कारणासाठी आणि अल्प, मर्यादित काळासाठी गेली नसेल तर तिचे जाणे हे अनुच्छेद ७ च्या अर्थाने स्थलांतर होय, असे ठरले. भेटीची कायदेशीर व्याख्या अशा रीतीने परवाना पद्धती सुरू झाल्यानंतर अठरा वर्षांनी स्पष्ट झाली. ज्यांना ती लागू होणार होती त्यांनी प्रवास केला तेव्हा अशी व्याख्या अस्तित्वात नव्हती.

समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की भारत व पाकिस्तान यांच्यातील प्रवासाची कागदपत्रे आधीच निश्चित झालेल्या नागरिकत्वावर आधारलेली नव्हती. उलट नागरिकत्वाची सीमा आखण्याच्या कामी ती वापरली गेली. दुसरा, परवाना पद्धतीमागे निर्वासितांच्या पुनर्वसनाची खरी निकड होती आणि ती नाकारता येत नाही. परंतु तिचा भार प्रामुख्याने अशा लोकांवर पडला ज्यांनी देश सोडण्याचा निर्णय कधी घेतलाच नव्हता. तिसरा, हेतू हा मनाचा विषय असल्याने प्रशासनाने व न्यायालयाने तो कागदावरून वाचला आणि कागद मात्र त्या क्षणी जो मिळू शकला तोच प्रवाशाने घेतला होता.

पुढील काळातही या सीमेवरील प्रवास राजकीय संबंधांनुसार सुरू किंवा बंद होत राहिला. १९६५ च्या युद्धात खंडित झालेला मुनाबाव-खोखरापार रेल्वेमार्ग फेब्रुवारी २००६ मध्ये पुन्हा सुरू झाला आणि ऑगस्ट २०१९ मध्ये तेथील गाडी बंद पडली. एप्रिल २०२५ मधील पहलगाम येथील हल्ल्यानंतर पाकिस्तानी नागरिकांचे बहुतेक व्हिसा रद्द करण्यात आले, तेव्हा एकाच कुटुंबातील व्यक्तींच्या हाती दोन देशांची पारपत्रे असल्याचे सीमेवर पुन्हा दिसून आले. सुरक्षेचा प्रश्न प्रत्येक राज्यसंस्थेपुढे असतोच. तथापि भेटीला गेलेल्या माणसाला परतीची वाट खुली असावी यासाठी नियम स्पष्ट, पूर्वज्ञात आणि सुनावणीची संधी देणारे असणे आवश्यक आहे, हे १९४८ नंतरच्या दोन दशकांच्या अनुभवातून दिसून येते.