ज्वलन-हवा : घरगुती गॅस गिझरसाठी

गॅस पूर्णपणे जळावा म्हणून बर्नरपर्यंत सतत पोचावी लागणारी ताजी हवा म्हणजे ज्वलन-हवा. घरगुती सिलिंडरमधील द्रवरूप गॅस मुख्यतः ब्यूटेन आणि प्रोपेन यांचे मिश्रण असतो. एक घनमीटर प्रोपेन वायू जळायला सुमारे २४ घनमीटर हवा लागते, तर ब्यूटेनला सुमारे ३१. वजनात मांडले तर एक किलो गॅसमागे १२ ते १३ घनमीटर हवा खर्च होते. उपकरण हवा तयार करत नाही. ते ज्या खोलीत असते तिच्यातूनच ती घेते. त्यामुळे हवेचा पुरवठा हा यंत्राइतकाच, किंबहुना अधिक, बांधकामाचा प्रश्न ठरतो. परळी वैजनाथच्या औष्णिक वीजकेंद्रात बॉयलरची हवा मोठ्या पंख्यांनी आत ढकलली जाते आणि जळालेले वायू दुसऱ्या पंख्यांनी ओढून चिमणीत सोडले जातात. घरातल्या साध्या गिझरला यातले काहीच नसते. गरम वायू आपोआप वर जातात आणि त्यांची जागा घ्यायला खालून हवा येते, एवढ्यावरच त्याचे काम चालते.

बीड जिल्ह्यातल्या जुन्या माळवदाच्या घरांत हा प्रश्न क्वचितच उभा राहत असे. चुलीच्या वर छतात धुराडे किंवा झरोका ठेवलेला असे, दारांच्या फळ्यांत फटी असत आणि न्हाणी बहुधा परसात, आडोशापुरत्या भिंतींची असे. चुलीला हवा कमी पडली तर धुराने डोळे चुरचुरत आणि माणूस फुंकणी हातात घेई. जाळाची तक्रार लगेच कळत असे. अपवाद होता तो बाळंतिणीच्या खोलीचा. वारा लागू नये म्हणून दारे-खिडक्या लावून बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवण्याची चाल होती. निखाऱ्यांना धूर नसतो, म्हणून ती शेगडी निरुपद्रवी वाटे. प्रत्यक्षात बंद खोलीतील निखारे चुलीच्या जाळापेक्षाही घातक असतात.

स्लॅबची घरे, सरकत्या काचेच्या खिडक्या, घट्ट बसणारी प्लास्टिकची दारे आणि छतापर्यंत फरशी लावलेली स्नानगृहे आली तशा फटी बुजल्या. त्याच घरांत गॅस गिझर आला. त्याला घरातील वीज लागत नाही. गच्चीवरच्या टाकीतून पाणी वाहू लागले की त्याच्या दाबाने गॅसची झडप उघडते आणि बॅटरीच्या सेलवर ठिणगी पडते. वीज बेभरवशाची असलेल्या भागात हा गुण मोलाचा आहे. बालाघाटच्या पठारावर, आष्टी-पाटोद्याच्या बाजूला, पौषातल्या पहाटे गिझरची गरज सर्वांत जास्त असते आणि नेमक्या त्याच वेळी थंडीमुळे खिडकीही लावलेली असते.

किती हवा लागते याचा हिशेब सोपा आहे. मिनिटाला सहा लिटर पाणी २५ अंशांनी तापवणारा गिझर ताशी जवळपास एक किलो गॅस जाळतो. स्वयंपाकाच्या शेगडीचा मोठा बर्नर ताशी जेमतेम दोनशे ग्रॅम जाळतो. म्हणजे पंधरा मिनिटांच्या आंघोळीला तीन घनमीटरांहून अधिक हवा लागते. चार फूट रुंद, सहा फूट लांब आणि आठ फूट उंच स्नानगृहात मुळात साडेपाच घनमीटरांपेक्षा कमी हवा मावते. अशी खोली पूर्ण हवाबंद मानली तर प्राणवायूचे प्रमाण २१ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर यायला चार मिनिटेही लागत नाहीत. प्रत्यक्षात दाराखालच्या फटीतून थोडी हवा येत राहते आणि हा वेळ लांबतो, पण घरातील माणसे एकामागोमाग एक आंघोळ करतात. दिवाळीच्या अभ्यंगस्नानाला किंवा रंगपंचमीचा रंग काढताना तिसऱ्या-चौथ्या माणसाच्या वाट्याला आधीच्यांनी वापरलेली हवा येते.

प्राणवायू १८ टक्क्यांच्या आसपास आला की ज्योत बिघडते. कार्बनचे पूर्ण ज्वलन होऊन कार्बन डायऑक्साइड बनण्याऐवजी कार्बन मोनॉक्साइड वाढत्या प्रमाणात तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. गॅस गळती कळावी म्हणून सिलिंडरमधील वायूला उग्र वास दिलेला असतो, पण तो वासाचा घटकही ज्योतीत जळून जातो. ‘वास आला नाही, म्हणजे धोका नाही’ हा समज त्यामुळे पूर्णपणे चुकीचा आहे. हा वायू रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. हवेत दहा लाख भागांत ८०० भाग असला तर पाऊण तासात डोकेदुखी, चक्कर, मळमळ सुरू होते. १,६०० भागांना तीच लक्षणे वीस मिनिटांत दिसतात आणि तासाभरात मृत्यू येऊ शकतो. स्नानगृहात कोसळलेल्या व्यक्तीला झटके आले असतील तर ती अपस्माराची रुग्ण समजली जाण्याचा संभव असतो. भारतीय मेंदूविकारतज्ज्ञांनी या प्रकाराला ‘गॅस गिझर सिंड्रोम’ असेच नाव दिले आहे.

यावरचा खरा उपाय गिझर स्नानगृहाबाहेर, उघड्या व्हरांड्यात किंवा बाहेरच्या भिंतीवर बसवून नळाने फक्त गरम पाणी आत नेणे हा आहे. चार फूट जादा पाइपाचा खर्च वाचवण्यासाठी हा उपाय टाळला जातो, हे नवलच म्हणायचे.

उपकरण खोलीतच बसवायचे झाल्यास मोजमापाचा चांगला आधार अमेरिकेतील गॅसविषयक नियमांत मिळतो. तेथील थंड प्रदेशांत तळघरात गॅसवर चालणारी भट्टी सगळे घर तापवते, म्हणून त्यांना ज्वलन-हवेचा बारकाईने विचार करावा लागला. ताशी १,००० ब्रिटिश उष्मा एककांमागे खोलीचे आकारमान ५० घनफूट हवे, हा त्यातला मूळ नियम. वरच्या गिझरला तो लावला तर दोन हजार घनफुटांहून मोठी जागा लागते. उपरोक्त स्नानगृह १९२ घनफुटांचे आहे. जागा लहान असेल तर थेट बाहेर उघडणारी दोन छिद्रे ठेवायची, एक जमिनीपासून फूटभराच्या आत आणि दुसरे छतापासून फूटभराच्या आत. ४,००० एककांमागे एक चौरस इंच या दराने या गिझरसाठी प्रत्येक छिद्र सुमारे ११ चौरस इंच मोकळे हवे. जाळी किंवा झडपा बसवल्यास मोकळे क्षेत्र घटते, म्हणून छिद्र त्याहून बरेच मोठे पाडावे. डासांची बारीक जाळी धुळीने बुजते. ती लावूच नये. खालच्या छिद्राचा आणखी एक उपयोग असा की हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाली तर तो त्यातून बाहेर जातो. जळालेले वायू बाहेर नेणारा पाइप ही वेगळी सोय आहे आणि ती या छिद्रांनी भागत नाही.

एक्झॉस्ट फॅन लावला की काम झाले, असे मानण्याची प्रवृत्ती आहे. हवा आत येण्याची वाट नसलेल्या खोलीत पंखा फिरला की आतला दाब कमी होतो आणि गिझरच्या पाइपातून बाहेर चाललेले वायू उलटे खोलीत ओढले जातात. शेजारच्या स्वयंपाकघरातील विजेची चिमणीही हेच करू शकते. पंखा हवाच असेल, तर आधी दाराच्या खालच्या भागात झरोका पाडला पाहिजे.

हवा अपुरी पडत असल्याची काही चिन्हे दिसतात. निळी, स्थिर ज्योत पिवळी होऊन डोलू लागते, गिझरच्या वरच्या कडेला काजळी धरते आणि भिंतींवर पाण्याचे थेंब ओघळतात, कारण एक किलो गॅस जळताना दीड किलोहून अधिक वाफ तयार होते. बर्नरच्या तोंडाशी साचलेली धूळ किंवा कोळ्याचे जाळेही हवा अडवते. तांब्याच्या पत्र्यांत अडकलेली काजळी वायूंची वाट बंद करते, म्हणून दरवर्षी हिवाळ्याआधी उपकरण उघडून साफ करावे लागते.

आतून प्रतिसाद येत नसेल तर दार तोडून व्यक्तीला उघड्या हवेत आणणे, सिलिंडर बंद करणे आणि तातडीने प्राणवायूची सोय असलेल्या रुग्णालयात नेणे, हा क्रम आहे. साध्या हवेत रक्तातील कार्बन मोनॉक्साइड निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध प्राणवायूवर साधारण सव्वा ते दीड तास. बोटाला लावायचे नेहमीचे ऑक्सिमीटर या विषबाधेत फसवे ठरते. ते कार्बन मोनॉक्साइडने भरलेले रक्तही प्राणवायूयुक्त समजून चांगला आकडा दाखवते. खरे प्रमाण रक्ताच्या वेगळ्या तपासणीतच कळते, आणि तिच्यासाठी रुग्ण गॅसच्या गिझरखाली सापडला होता हे डॉक्टरांना सांगावे लागते.