देवत्वाचा ठराव कोणी मांडला?

येशू हा गालीलातला एक यहुदी उपदेशक. त्याला देव केले ते इ. स. ३२५ मध्ये निकियाच्या धर्मसभेने, सम्राट कॉन्स्टंटाइनच्या सोयीसाठी आणि बिशपांच्या निसटत्या बहुमताने. हे विधान आज इतक्या सहज केले जाते की त्याला पुरावा मागणेही उद्धटपणाचे वाटावे. डॅन ब्राउनच्या ‘द दा विंची कोड’ या २००३ सालच्या कादंबरीने ते घरोघर पोचवले. पण कादंबऱ्यांकडे ढुंकूनही न पाहणारे व्यासंगी लोकही ते बोलून जातात, म्हणून त्याची दखल घेणे भाग आहे.

पूर्वपक्ष दुबळा करून मांडणे ही वादातली लबाडी होय. तो पूर्ण बळानिशी असा मांडता येतो. यहुदी धर्म कडवा एकेश्वरवादी; तिथे माणसाला देव म्हणणे ही ईश्वरनिंदा. उलट रोमन जगात मृत सम्राटाला देवपद बहाल करण्याची रीतच होती. मार्कच्या शुभवर्तमानात येशू आपल्याला उत्तम म्हणणाऱ्याला अडवतो आणि उत्तम एकटा देवच, असे सुनावतो. निकियाची सभा सम्राटाने बोलावली, तो स्वतः तिथे हजर राहिला, ठराव नाकारणाऱ्यांना त्याने हद्दपार केले. पुत्र ‘पित्याशी एकाच तत्त्वाचा’ आहे, हे त्या ठरावातले कळीचे पद बायबलात कुठेही नाही. यातली प्रत्येक गोष्ट खरी आहे. निष्कर्ष खोटा आहे.

फिलिप्पै येथील मंडळीला पौलाने लिहिलेले पत्र इ. स. ५० नंतरच्या दहा-बारा वर्षांतले, म्हणजे क्रूसानंतर जेमतेम एका पिढीच्या आतले. त्यात तो सांगतो, की जो देवाच्या स्वरूपाचा होता त्याने स्वतःला रिते केले, दासाचे रूप घेतले, माणूस होऊन क्रूसावरचे मरण पत्करले. आणि आता त्याच्या नावापुढे प्रत्येक गुडघा टेकेल. हा टेकणारा गुडघा यशयाच्या ४५व्या अध्यायातला आहे. तिथे तो खुद्द परमेश्वरापुढे टेकायचा आहे, आणि माझ्यावाचून दुसरा देव नाही अशी गर्जना त्याच अध्यायात आहे. पौल परूशी परंपरेत वाढलेला यहुदी. हे वचन कोणाविषयी आहे हे त्याला ठाऊक नव्हते काय? शिवाय या ओळी पौलाच्याही आधीच्या, मंडळीत गायिल्या जाणाऱ्या स्तोत्रातल्या असाव्यात, असे अनेक अभ्यासक मानतात.

ही ग्रीकांची उसनवारी म्हणावी, तर त्याच पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या शेवटी ‘मारानाथा’ ही प्रार्थना येते: आमच्या प्रभू, ये. ती अरामी आहे, येशूच्या स्वतःच्या बोलीतली. ग्रीक बोलणाऱ्या करिंथात ती आली कोठून? पॅलेस्टाइनमधल्या पहिल्यावहिल्या शिष्यांकडूनच. समाधिस्थ गुरूला हाक मारण्याचे आपल्याकडे नवल नाही. पण यहुदी माणूस प्रार्थनेसाठी एकापुढेच हात जोडी.

भक्तांची साक्ष पक्षपाती वाटत असेल तर शत्रूंना पिंजऱ्यात बोलवा. बिथिनियाचा सुभेदार धाकटा प्लिनी सन ११२च्या सुमारास सम्राट त्राजानला कळवतो, की हे लोक ठरलेल्या दिवशी पहाटेपूर्वी जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून त्याचे स्तोत्र म्हणतात. खातरजमेसाठी त्याने दोन दासींचा छळही केला होता. रोमच्या पॅलाटाइन टेकडीवर सापडलेल्या, सामान्यतः सन २००च्या आसपासच्या मानल्या जाणाऱ्या गिलाव्यावर कुणी टवाळाने गाढवाच्या तोंडाचा क्रूसावरचा माणूस कोरला आहे आणि खाली खरडले आहे, की अलेक्सामेनोस आपल्या देवाला भजतो. दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धातला तत्त्वज्ञ सेल्सस तर चिडून विचारतो: देव खाली उतरला तो कशाला? इथे काय चालले आहे ते पाहायला? त्याला ते ठाऊक नव्हते? निकियाला अजून सुमारे दीड शतक अवकाश आहे. जो सिद्धान्त जन्मलाच नव्हता, त्याची टर सेल्ससने कशी उडवली?

याहून मौजेची गोष्ट पुढेच आहे. पूर्वपक्ष म्हणतो, माणसाला हळूहळू देव केले. तसे असते तर सुरुवातीचे भांडण त्याच्या देवत्वावरून व्हायला हवे होते. काही यहुदी पंथांनी ते नाकारले, हे खरे; पण दुसऱ्या शतकातल्या पंडितांची डोकी तापली ती त्याच्या देहावरून. तो देवच, पण त्याचा देह नुसता भास होता, असे सांगणारे पंथ निघाले. मार्शन नावाच्या पंथप्रमुखाने तर त्याचा जन्मच गाळला आणि सम्राट तिबेरियसच्या कारकिर्दीच्या १५व्या वर्षी त्याला थेट प्रौढ म्हणून अवतीर्ण केले. देहाला भास म्हणणाऱ्यांना उत्तर म्हणून वन्य पशूंपुढे टाकला जाण्यासाठी रोमकडे नेला जात असलेला अंत्युखियाचा बिशप इग्नेशियस आपल्या पत्रांतून बजावतो, की तो खरोखर जन्मला, खरोखर जेवला, खरोखर मेला. ख्रिस्ती लेखक तर्तुल्लियन गर्भाशय, रक्त, बाळंत्याचा पाढा वाचतो आणि मार्शनला विचारतो, तुला याची किळस येते ना? चर्चला त्या काळी खिंड लढवावी लागली ती येशूच्या माणूसपणासाठी.

मग निकियात झाले काय? अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू एरियस येशूला निव्वळ माणूस म्हणत नव्हता. पुत्र विश्वाच्या आधीचा, विश्व त्याच्याकरवी घडले, तो पूजनीय, हे सारे त्याला मान्य होते. फक्त तो स्वतःही निर्माण केलेला होता, इतकेच त्याचे म्हणणे. हे ‘इतकेच’ क्षुल्लक नव्हते. मत्तयाचे शुभवर्तमान आरंभीच यशयाचे इम्मानुएल हे नाव घेते: देव आमच्याबरोबर. पुत्र निर्मित असेल तर आमच्याबरोबर राहायला आला तो देव नव्हे, देवाचा थोर प्रतिनिधी. एरियसचा विरोधक अथनासियस याचा दृष्टान्त असा, की राजा नगरातल्या एकाच घरी उतरला तरी मान साऱ्या नगराचा वाढतो. राजाऐवजी कारभारी आला, तर तो मान कुठला? वाद या मुद्द्याचा होता. राहता राहिले अटीतटीचे मतदान. सुमारे तीनशे बिशपांपैकी शेवटपर्यंत सही नाकारणारे दोन, दोघेही लिबियाचे. दडपण होते हे मान्य. पण याला निसटते बहुमत कोणत्या गणिताने म्हणायचे?

आणि सम्राटाची सोय? काही वर्षांतच कॉन्स्टंटाइनने एरियसला परत बोलावले आणि ३३५ साली निकियाचा कैवारी अथनासियस याला दूर ट्रियरला धाडले. ३३७ मध्ये मृत्युशय्येवर त्याने बाप्तिस्मा घेतला तो निकोमेदियाच्या युसेबियसकडून, एरियसच्या जुन्या पाठीराख्याकडून. त्याचा मुलगा कॉन्स्टंटियस याने ३५९ साली रिमिनीत बिशपांना दाबून ‘एकाच तत्त्वाचा’ हे पद वगळणाऱ्या मसुद्यावर सह्या घेतल्या. अथनासियस पाचदा परागंदा झाला. ३८० साली सम्राट थिओडोसियसने निकियाच्या पारड्यात राजदंड टाकला, हे नाकारण्याचे कारण नाही. पण मधल्या अर्ध्या शतकातला बराच काळ राजदंड विरुद्ध पारड्यात होता आणि तरीही ते मत मेले नाही, याचा खुलासा पूर्वपक्षाने करावा.

एवढ्याने देव माणूस झाला हे सिद्ध होत नाही, असे कोणी म्हणेल. बरोबर आहे. तो वेगळा खटला आहे, आणि त्यात सेल्ससचे प्रश्न आजही ऐकून घेण्याजोगे आहेत. त्याने निदान विरोधक काय मानतात ते आधी समजून घेतले होते.